देवाची इच्छा, आयर्लंडची नोकरी आणि हक्कसोडपत्र

जय ख्रिस्त ताई,

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. तुम्ही पुण्यात आयसीयूत स्टाफ नर्स आहात. एजंटामार्फत आयर्लंडमधल्या नोकरीची ऑफर आली आहे, त्याने मागितलेली रक्कमही तुम्ही लिहिली आहे; होकार-नकार महिनाअखेरीस कळवायचा आहे. वडील गेल्यापासून आई नगर जिल्ह्यात गावी एकटी असते, तिला शुगर आणि बीपी. भाऊ हक्कसोडपत्रावर, म्हणजे वडिलांच्या मालमत्तेतला तुमचा वाटा सोडल्याच्या कागदावर, सही मागतो आहे, त्यावरून त्याच्याशी बोलणं बंद आहे. थर्टी फर्स्टच्या उपासनेत तुम्हाला यिर्मया २९:११ चं वचनकार्ड (बायबलमधलं एक वचन छापलेलं कार्ड) निघालं, ‘हिताचे संकल्प’ वाचून वाटलं, जावं. मग खात्रीसाठी घरच्या वचनपेटीतून चिठ्ठी काढली, तर स्तोत्र ३७ मधलं ‘देशात वस्ती कर’ निघालं. त्यात नाइट ड्युटीमुळे सकाळचं मनन होत नाही, रविवारची उपासना चुकते. देवाने आपल्यावरची कृपा काढून घेतली की काय, अशी भीती वाटते.

आधी सरळ उत्तर देतो. आयर्लंडला गेलात म्हणून तुम्ही देवाच्या इच्छेबाहेर पडत नाही आणि इथे राहिलात म्हणूनही नाही. भावाशी धरलेला अबोला मात्र देवाच्या इच्छेत बसत नाही, आणि ते कळायला चिठ्ठी काढावी लागत नाही. पाळक म्हणून इतकी वर्षं घराघरांतून हेच पाहत आलोय: जी इच्छा देवाने उघड सांगितली आहे ती आपल्याला अवघड जाते, म्हणून जी सांगितलेली नाही ती शोधण्यात आपण उपास-प्रार्थना घालवतो.

आता त्या कार्डाबद्दल. ही कार्डं आमच्याही मंडळीत थाळीत फिरतात आणि ती मीच आणून ठेवतो. एक वचन वर्षभर पाकिटात राहतं, त्यात वाईट काही नाही. पण ती वचनं छापणाऱ्याने निवडलेली असतात, हे विसरू नये. ईयोबाने आपल्या जन्मदिवसाला शाप दिला ते वचन कुणाला कार्डावर निघालेलं मी अजून पाहिलेलं नाही. सगळी गोड वचनं, कुणालाही निघाली तरी ती आपल्यासाठीच आहेत असं वाटावं अशी.

तुमचं वचन मुळात एका पत्रातलं आहे. इ.स.पू. ५९७ मध्ये नबुखद्नेस्सराने यरुशलेमेतून राजाला, राजमातेला, सरदारांना आणि कारागीर-लोहारांनाही धरून बाबेलला नेलं. त्या लोकांना यिर्मयाने मागे राहिलेल्या यरुशलेमेतून हे पत्र धाडलं. त्याच्या आधीचा अध्याय वाचून बघा. तिथे हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सगळ्यांसमोर सांगतो की दोन वर्षांत सगळं परत येईल, मंदिराची भांडीसुद्धा. लोकांना हेच ऐकायचं होतं. यिर्मया मात्र लिहितो, सत्तर वर्षं. म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांतला चाळिशीचा लोहार बाबेलातच मरणार होता. तोवर त्याने काय करायचं? पाचव्या ते सातव्या वचनात सगळं लिहिलं आहे: घरं बांधा आणि त्यांत राहा, बागा लावा आणि त्यांची फळं खा, लग्नं करा, पोरांची लग्नं करून द्या, आणि ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्या शहराचं हित बघा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. शत्रूच्या शहरासाठी! ‘हिताचे संकल्प’ हे अकरावं वचन त्यानंतर येतं. कार्डावर ते तेवढंच कापून छापतात.

तेव्हा हे वचन तुम्हाला ‘जा’ म्हणत नाही आणि ‘राहा’ही म्हणत नाही. जिथे असाल तिथे नीट घर मांडून राहा, असं म्हणतं. पुण्याला ते जितकं लागू, तितकंच डब्लिनला. आणि ‘देशात वस्ती कर’ हे दुष्टांची भरभराट पाहून जळू नये म्हणून सांगितलेल्या स्तोत्रात आहे. पासपोर्टाशी त्याचा संबंध नाही.

गिदोनाने लोकर रात्रभर बाहेर ठेवून, दव तिच्यावरच पडतं का ते बघून देवाकडे खूण मागितली, मग आपण का मागू नये, असं कुणीतरी म्हणेलच. शास्ते ६ वाचा. देवाने गिदोनाला काम आधीच स्पष्ट सांगितलं होतं. लोकर ठेवली ती इच्छा कळली नाही म्हणून नव्हे, भरवसा बसेना म्हणून. देवाने त्याला समजून घेतलं हा देवाचा चांगुलपणा; गिदोनाची पद्धत आपण उचलावी असा त्याचा अर्थ होत नाही. यहूदाच्या जागी मत्थियाला निवडताना प्रेषितांनी चिठ्ठ्या टाकल्या हेही खरं, पण ते पेन्टेकॉस्टच्या, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या दिवसाच्या, आधी. पवित्र आत्मा आल्यानंतर प्रेषितांची कृत्ये या अख्ख्या पुस्तकात मंडळी निर्णयासाठी पुन्हा चिठ्ठ्या टाकताना दिसत नाही. यरुशलेमेच्या सभेत त्यांनी वाद घातला, साक्षी ऐकल्या, शास्त्र तपासलं आणि मग लिहिलं की पवित्र आत्म्याला आणि आम्हांला हे योग्य वाटलं. ‘आणि आम्हांला’ हे शब्द लिहायला ते कचरले नाहीत.

पौलाचा मासेदोनियाचा दृष्टान्तही लोक पुढे करतात (प्रेषितांची कृत्ये १६: ‘इकडे येऊन आम्हांला मदत कर’ म्हणणारा मासेदोनियाचा माणूस त्याला रात्री दिसला). पण त्याच अध्यायात पौल आधी आसिया प्रांताकडे निघाला होता, तिथे अडवला गेला. मग बिथुनियाकडे वळला, तिथेही अडवला गेला. घरी बसून दृष्टान्ताची वाट बघत नव्हता, चालत होता. आणि दृष्टान्त एकट्याला झाला तरी त्यावरून काय करायचं हे सोबत्यांनी मिळून ठरवलं. हाच पौल करिंथकरांना लिहितो की विधवेने हव्या त्या माणसाशी लग्न करावं, फक्त ते प्रभूमध्ये असावं. लग्नासारख्या गोष्टीत ‘हव्या त्या’ म्हणतो! एवढी मोकळीक देव आपल्याला देतो, आणि आपल्याला ती झेपत नाही.

मग उघड सांगितलेली इच्छा कोणती? १ थेस्सलनीकाकरांस ४:३ मध्ये पौल स्पष्ट लिहितो की तुमचं पवित्रीकरण ही देवाची इच्छा आहे, आणि पुढच्या अध्यायात लिहितो की सर्व स्थितीत उपकारस्तुती करणं ही देवाची इच्छा आहे. मीखा ६:८ तुम्हाला संडेस्कूलपासून पाठ असेल: नीतीने वागणं, दयेची आवड धरणं, देवासमोर नम्रतेने चालणं. हे वाचून लोक जरा हिरमुसतात. त्यांना पत्ता हवा असतो आणि हाती स्वभाव येतो.

तुमच्या कामातलं बघू. पहाटेचे चार वाजलेत, सहा तासांत पाठ टेकलेली नाही, आणि तीन नंबरच्या बेडचं टेम्परेचर घ्यायचं आहे. दोन वाजता ९८.६ होतं, पेशंट शांत झोपलाय. न मोजता तोच आकडा चार्टवर उतरवला तर कुणाला कळणार नाही. त्या क्षणी तुमच्यासाठी देवाची इच्छा काय, यावर मला प्रार्थनासभा घ्यायची गरज वाटत नाही. थर्मामीटर लावायचा. जो पेशंट तुम्हाला काल घालूनपाडून बोलला, त्याच्या तोंडाची निगा बाकीच्यांइतक्याच हळुवारपणे राखायची. चुकून डोस उशिरा गेला असेल तर खरी वेळ लिहायची आणि सिस्टरना सांगायचं. आयर्लंडच्या वॉर्डातही पहाटेचे चार वाजतात आणि तिथेही चार्ट असतो.

कृपेबद्दल तुम्ही जे लिहिलंय त्याने मला नोकरीच्या प्रश्नापेक्षा जास्त काळजी वाटली. मनन चुकलं म्हणून कृपा उठली, हा हिशेब तुम्हाला कुणी शिकवला? आपल्याकडे कृपेला मोबाइलच्या रिचार्जसारखं वागवतात, उपासना चुकली की व्हॅलिडिटी संपली. इफिसकरांस २:८-१० मधला क्रम बघा. तारण कृपेने, ते देवाचं दान, कर्मांनी नव्हे. आणि त्यानंतर, त्याच दमात, सत्कर्मं करण्यासाठी आपण निर्माण झालो. कर्मं शेवटी येतात. आपण ती अलगद उचलून पुढे नेऊन ठेवतो आणि मग रात्री झोप लागत नाही.

पंडिता रमाबाईंना हे कळायला वेळ लागला होता, आणि त्यांनी ते लपवलं नाही. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. शास्त्र त्यांना ठाऊक होतं, संस्कृत तर मुखोद्गत, मंडळीचे मतांगीकार (विश्वासाची ठरलेली विधानं) त्यांनी इतके काटेकोर तपासले की शिकवणाऱ्यांनाच घाम फुटला. आणि तरी पुढे त्यांनीच लिहिलं की धर्म मला मिळाला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो सापडायला साधारण आठ वर्षं गेली. म्हणजे शारदा सदन ही विधवांसाठीची शाळा त्यांनी १८८९ मध्ये मुंबईत सुरू केलं तेव्हा त्या आतून अजून चाचपडतच होत्या. देवाने त्यांना काम करू दिलं, थांबवलं नाही.

पुढे १८९६-९७ चा दुष्काळ पडला आणि त्या मध्य प्रांतात गेल्या. तिथल्या उपाशी मुली आणि विधवा बघून काय करायचं हे ठरवायला त्यांना खूण लागली नाही. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे स्वतःचे आईवडील उपासमारीने गेले होते. शेकडो मुलींना घेऊन त्या परतल्या आणि केडगावला ‘मुक्ती’ ही निराधार बायका-मुलींना आसरा देणारी संस्था उभी राहिली. कृपा कळलेलं माणूस हातपाय गाळून बसत नाही. तीताच्या पत्रात पौल म्हणतो की कृपा आपल्याला शिकवते, अभक्तीला नाही म्हणायला आणि मर्यादेने, नीतीने वागायला. दटावून कामाला लावलेलं माणूस आणि माफ होऊन कामाला लागलेलं माणूस, यांतला फरक वॉर्डात पेशंटलासुद्धा जाणवतो.

तेव्हा नाइट संपवून घरी आल्यावर आधी झोपा. एलीया संदेष्टा थकून झाडाखाली आडवा झाला आणि मरण मागू लागला, तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं, देवदूताकरवी भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं. बोलणं झालं ते नंतर, होरेब डोंगरावर. मनन दुपारी चारला केलंत तरी चालतं. एकच स्तोत्र वाचलंत तरी चालतं. ड्युटीवर नहेम्यासारखी प्रार्थना करा: राजाने प्रश्न विचारला आणि उत्तर देण्याआधी, तिथल्या तिथे, त्याने देवाला विनवलं. राजाला पत्ताही लागला नसेल. रविवारची उपासना चुकते, तर मंडळीतल्या कुणाला तरी सांगून ठेवा. आजाऱ्यांच्या घरी प्रभुभोजन नेतात तसं पाळक तुमच्याही घरी येऊ शकतात. त्यासाठीच तर आम्ही आहोत.

आता भाऊ. इथे मी जरा लांबण लावणार आहे, कारण तुमच्या प्रश्नातला सगळ्यात जिवंत भाग हाच आहे, आणि तुम्ही तो दोन ओळींत उरकलाय.

मत्तय १८ मध्ये येशूने सांगितलेल्या दाखल्यातल्या चाकराचं राजाकडचं कर्ज दहा हजार तालांत होतं. एक तालांत म्हणजे साधारण सहा हजार दीनार आणि दीनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज. हिशेब केला तर सहा कोटी दिवसांची मजुरी झाली. ती माफ झाली. बाहेर आल्यावर त्याने सोबत्याचा गळा धरला तो शंभर दीनारांसाठी. शंभर दिवसांची मजुरी ही काही थोडी रक्कम नव्हे, साडेतीन महिन्यांचा पगार होतो. भावाने तुमचं जे दुखवलं तेही थोडं नाही. येशू त्याला क्षुल्लक म्हणत नाही, फक्त दुसरा आकडा शेजारी ठेवतो.

पण क्षमा करणं म्हणजे सही करणं नव्हे, हे मी ठासून सांगतो. आपल्या ख्रिस्ती कुटुंबांतही गावची रीत चालते: बहिणीने हक्क सोडायचा, भावाने माहेरपण राखायचं. कायदा तसं म्हणत नाही. मृत्युपत्र नसेल तर आपल्याला भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ लागू होतो. त्याप्रमाणे विधवेला एक तृतीयांश आणि उरलेले दोन तृतीयांश मुलगा-मुलगी असा भेद न करता अपत्यांत सारखे. सगळ्यात आधी तर त्या घरात आईचा वाटा आहे, आणि ती त्याच घरात राहते. ती असेपर्यंत तिच्या डोक्यावरचं छप्पर पक्कं आहे का, हे बघितल्याशिवाय कोणत्याही कागदावर सही करू नका. मग तुम्ही आपला वाटा आनंदाने भावाला देऊन टाकलात तर ते दान. ‘ख्रिस्ती बहीण असून हक्क मागते’ असं म्हणून तो घेतला गेला, तर ती लूट. तिला कृपेचं नाव देऊ नये.

आणि हक्क राखूनही बोलणं सुरू करता येतं. रोमकरांस १२:१८ मध्ये ‘शक्य असेल तर’ आणि ‘तुमच्याकडून होईल तितकं’ अशा दोन सवलती पौलाने स्वतःच ठेवल्या आहेत. तुमच्याकडून होईल तितकं म्हणजे फोन. आयर्लंडचा विषय, जमिनीचा विषय पहिल्या फोनमध्ये काढू नका. आईची शुगर किती आली, तुझा मुलगा कितवीत गेला, एवढं पुरे. त्याने फोन ठेवून दिला तर तुमच्या बाजूची आज्ञा तुम्ही पाळलेली असेल. वेदीजवळ अर्पण ठेवून आधी भावाशी समेट कर, असं प्रभू म्हणतो. भाऊ मानेलच असं वचन तो देत नाही.

ओघात एक सांगून टाकतो. वडिलांच्या मातीला लोक ‘देवाची इच्छा’ म्हणाले आणि तुम्हाला ते टोचलं, असं तुम्ही लिहिलंय. टोचायलाच हवं. लाजाराच्या कबरेपाशी येशू रडला, आणि तो तर त्याला उठवणार होता. नवरा मारतो त्या बाईलाही हेच वाक्य ऐकवलं जातं, ‘सोस, देवाची इच्छा’. अशा बाईला मी पहिल्यांदा सुरक्षित ठिकाणी पोहोचवतो. कुणाच्या पापाला देवाची इच्छा म्हणण्याचा हक्क आपल्याला नाही.

राहता राहिला आयर्लंडचा निर्णय. तो तुम्ही घ्यायचा आहे, मी नाही. मात्र आईला विचारलंत का? तुमच्या सगळ्या मजकुरात आईचा आजार आहे, आईचं म्हणणं कुठेच नाही. देवाला अर्पण केलं म्हणून आईबापांना हात आखडता घेणाऱ्या परूश्यांना (नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या पंथाच्या लोकांना) येशूने मार्क ७ मध्ये चांगलंच सुनावलं आहे, त्यामुळे ‘देवाने बोलावलं’ म्हणून हा मुद्दा टाळता येत नाही. पण कोण जाणे, आईच म्हणेल, जा. महिन्याच्या रक्ततपासणीला तिला कोण नेईल, रात्री शुगर उतरली तर शेजारची कोण धावेल, तुम्ही पाठवाल त्या पैशांतून दिवसाची बाई ठेवता येईल का, हे दोघी मिळून कागदावर लिहा. मग तुम्हाला जाणत्या तीन माणसांशी बोला. त्यांतलं एक तरी तुम्ही जाऊ नये असं वाटणारं असू द्या. आणि कृपा करून कुणालाही ‘देवाने मला सांगितलं’ म्हणू नका. त्या वाक्यापुढे समोरच्याला तोंडच उघडता येत नाही. ‘मला असं वाटतंय’ म्हणा. याकोब ४ मध्ये ‘प्रभूची इच्छा असेल तर’ म्हणायला सांगितलंय ते व्यापाराला निघालेल्यांना. त्यांनी निघूच नये असं तो म्हणत नाही.

एजंटाची चौकशी हीसुद्धा आज्ञाधारकताच समजा. परदेशी भरती करणाऱ्या एजंटाची परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी लागते आणि ती ई-मायग्रेटच्या संकेतस्थळावर तपासता येते. उमेदवाराकडून त्याने घ्यायच्या शुल्काला ३० हजार रुपयांची मर्यादा आहे, वर जीएसटी. तुम्ही सांगितलेली रक्कम त्याच्या कितीतरी पट आहे. पावती मागा आणि ऑफर थेट त्या हॉस्पिटलला ईमेल करून पडताळा. कर्ज काढायचं असेल तर आईचं घर तारण ठेवू नका, भावाने ते आपणहून सुचवलं तरी.

हे सगळं करून मन तरीही दोन्हीकडे सारखंच राहिलं, तर तुम्हाला जे आवडतं ते करा. खरंच. दोन्ही गोष्टी चांगल्या असतील तर देव तिसऱ्याच कुठल्या खुणेची वाट बघत बसलेला नसतो. आणि वर्षभराने लक्षात आलं की डब्लिन जमत नाही, तर परत या. पौलालाही दोनदा वाट बदलावी लागली, त्याच्या प्रेषितपणाला काही झालं नाही. ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ हे वचन त्याला मिळालं ते ज्या त्रासाला तो ‘शरीरातला काटा’ म्हणतो तो काटा निघाल्यावर नव्हे, तीनदा विनवूनही काटा तसाच राहिला तेव्हा.

कराराचा मसुदा आला की सही करण्याआधी मला पाठवा. बाँड किती वर्षांचा आहे, मधेच सोडल्यास किती रक्कम भरावी लागेल आणि पहिल्या वर्षात सुट्टी मिळते का, हे मंडळीतल्या एका वकील भगिनीकडून तपासून घेतो. हक्कसोडपत्राचा मसुदाही त्यासोबतच पाठवा.